राजवाड्याच्या खिडक्यांतले दिवे: चौदा एलईडी आणि चार सेल

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं तिला धरून सांगता येईल. यंदा गणपतीच्या आराशीत तुम्ही आणि आठवीतला तुमचा मुलगा मिळून पुठ्ठ्याचा राजवाडा करताय. खालचे तीन मजले दगडी रंगाचे, वरचे चार आइस्क्रीमच्या काड्यांचे, आपल्या इंदूरच्या खऱ्या राजवाड्यासारखेच. खिडक्यांमागे दहा पांढरे एलईडी आणि दरवाज्याच्या कमानीवर चार लाल. घरात लहान भाची रांगते, शिवाय मखराला झेंडूच्या माळा असतात, म्हणून २३० व्होल्टची वायर तिथे नको असं तुम्ही ठरवलंत. फार योग्य केलंत. मग ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली, तिला ३३० ओहमचा एक रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग; तो किती अडवतो त्याचं माप ओहम) लावला आणि त्याच्यापुढे चौदाही एलईडी शेजारी शेजारी जोडले. लाल लागले, पांढरा एकही लागला नाही. दुकानात कुणीतरी म्हणालं, रेझिस्टर काढून बघा. तो काढल्यावर लाल डोळे दिपतील असे पेटले, पांढरे जेमतेम मिणमिणले, बॅटरी कोमट झाली आणि दोन लाल कायमचे गेले. मुलगा हिरमुसला. आता तुम्ही विचारताय की एलईडी खराब होते का, बॅटरी खराब होती, की जोडणीच चुकली.

एलईडी चांगले होते आणि बॅटरीही चांगली होती. जोडणी चुकली, आणि ती अशी चूक आहे की गेल्या तीस वर्षांत माझ्या टेबलासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याने ती एकदा केलेली आहे. मुलाला सांगा, त्याच्या हातून काही बिघडलेलं नाही.

पांढरे का लागले नाहीत, ते आधी बघू. गच्चीवर पावसाचं पाणी साचलंय आणि ते बाहेर जायला दोन पन्हाळी आहेत असं समजा, एक खाली आणि एक वीतभर वर. पाणी खालच्या पन्हाळीतून वाहून जातं, त्यामुळे त्याची पातळी वरच्या पन्हाळीपर्यंत चढतच नाही. एलईडीचं अगदी तसंच आहे. प्रत्येक रंगाच्या एलईडीला पेटण्यासाठी ठरावीक व्होल्ट लागतात, त्याच्या खाली तो जवळपास काहीच वीज घेत नाही. लाल एलईडी साधारण १.८ ते २.२ व्होल्टला पेटतो. पांढऱ्याला जवळपास ३ व्होल्ट लागतात, जास्त प्रकाश हवा असेल तर ३.३ पर्यंतसुद्धा. दोघे एकाच रेझिस्टरमागे शेजारी शेजारी जोडले की लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास सगळी वीज पिऊन टाकतात. पांढऱ्यांच्या पायांशी तीन व्होल्ट कधी पोचतच नाहीत. दहा काय, शंभर पांढरे लावले असते तरी ते अंधारातच राहिले असते.

हा फरक का पडतो हे मुलाला आवर्जून सांगा, कारण रंग आणि व्होल्ट यांचं नातं एकदा डोक्यात बसलं की पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं. एलईडीच्या आत अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) बारीकसा तुकडा असतो आणि त्यातून कुठल्या रंगाचा प्रकाश निघणार हे त्या पदार्थावर ठरतं. लाल प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी, निळ्याच्या कणात जास्त. जास्त ऊर्जेचा प्रकाश हवा तर जास्त व्होल्ट द्यावेच लागतात. आणि पांढरा एलईडी आतून खरं तर निळाच असतो. निळ्या चिपवर फॉस्फर नावाच्या, निळ्या उजेडात पिवळं चमकणाऱ्या पदार्थाचा थर दिलेला असतो, निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला, पण चांगला तेजस्वी निळा एलईडी हाती यायला त्यानंतर तीस वर्षं लागली. त्या निळ्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी उमेदवारी करत होतो तेव्हा आमच्या डब्यात फक्त लाल, हिरवे आणि पिवळे एलईडी असायचे. पहिला पांढरा हातात आला तेव्हा मी तो रात्री उशिरापर्यंत पेटवत बसलो होतो.

आता रेझिस्टर. ‘रेझिस्टर काढून बघा’ हा सल्ला पुन्हा कुणी दिला तर ऐकू नका. बल्ब आणि एलईडी यांच्यात मोठा फरक आहे. बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो, त्यामुळे तो स्वतःला थोडंफार सांभाळतो. एलईडी सांभाळत नाही. त्याचा उंबरठा, म्हणजे पेटायला लागणारे व्होल्ट, ओलांडल्यावर पाव-अर्धा व्होल्ट जास्त मिळाला तरी वीज कित्येक पटींनी वाढते, तो तापतो, तापला की उंबरठा आणखी खाली सरकतो आणि वीज अजून वाढते. तुमचे दोन लाल असेच गेले. म्हणून एलईडीला ‘किती व्होल्ट दिले’ यापेक्षा ‘किती मिलीअँपिअर (वाहणाऱ्या विजेचं माप, अँपिअरचा हजारावा भाग) जाऊ दिले’ हा प्रश्न महत्त्वाचा, आणि ते ठरवण्याचं काम रेझिस्टर करतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीची मर्यादा बहुधा २० मिलीअँपिअर असते. पण मर्यादा म्हणजे रोजचा खुराक नव्हे. खिडकीमागे लावायच्या पांढऱ्याला ५ मिलीअँपिअर पुरेसे होतात. संध्याकाळी दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवल्यावर तेवढ्यातच राजवाडा उजळून निघेल.

दुसरी गोष्ट, प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. चौदा एलईडी, चौदा रेझिस्टर. एकाच रंगाचे असले तरीसुद्धा. एकाच पाकिटातले दोन पांढरे एलईडीही अगदी सारखे नसतात, एकाचा उंबरठा २.८५ तर दुसऱ्याचा २.९५ निघतो. एका रेझिस्टरमागे दहा ठेवले तर त्यातले दोन-तीन जास्त वीज खेचतात आणि बाकीचे मलूल दिसतात. सात मजल्यांच्या खिडक्यांत हा फरक लगेच डोळ्यात भरतो. रेझिस्टर चहाच्या कटापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, तिथे काटकसर करू नका.

मग बॅटरी कुठली? खरं तर सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं होतं, पण बहुतेक जण आधी एलईडी आणतात आणि मग घरात पडलेली बॅटरी लावून बघतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उघडून पाहिली तर आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल निघतात. व्होल्ट भरपूर, पण साठा तुटपुंजा. अल्कलाइन असेल तर साधारण ५०० मिलीअँपिअर-तास, साधी असेल तर त्याहून कमी. तुमच्या चौदा दिव्यांना मिळून ७५ मिलीअँपिअर लागतील असं धरू. म्हणजे ५०० ला ७५ ने भागलं तर साडेसहा तास. तुम्ही रोज संध्याकाळी तीन तास राजवाडा लावणार, गणपती दहा दिवसांचे, म्हणजे तीस तास हवेत. ती बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मान टाकेल. धूर ओळखणाऱ्या यंत्रात किंवा व्होल्ट-ओहम मोजायच्या मल्टिमीटरमध्ये, जिथे थेंबाथेंबाने वीज लागते, तिथे ती चांगली. दिवे लावायला ती नव्हेच.

तुम्ही चार पेन्सिल सेल घ्या, अल्कलाइन, आणि चार सेलांचा डबा. चार गुणिले दीड म्हणजे ६ व्होल्ट. अल्कलाइन पेन्सिल सेलचा साठा इतक्या हलक्या कामाला दोन हजार मिलीअँपिअर-तासांच्या वर सहज भरतो. पंचाहत्तरने तीस तास म्हणजे २२५० झाले. हे अगदी काठावर वाटेल, पण सेल उतरत जातात तशी वीजही कमी ओढली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात दहा संध्याकाळी निघतात. शेवटच्या दोन दिवशी प्रकाश किंचित मंद वाटला तर तो अपेक्षितच आहे. साधे स्वस्त सेल घेऊ नका, त्यांचा साठा खूप कमी असतो आणि रिकामे होऊन पडले की फुटून डबा खराब करतात.

तीन सेल का नको, असं मुलगा विचारेल. साडेचार व्होल्टमध्येही पांढरा एलईडी पेटतो. पण बॅटरीचे व्होल्ट आणि एलईडीचा उंबरठा यांच्यातली दरी बघा. तीन नव्या सेलांवर ती दीड व्होल्टच्या आसपास असते. सेल थोडे उतरून प्रत्येकी १.२ वर आले की एकूण ३.६ उरतात आणि दरी पाऊण व्होल्टवर येते. म्हणजे प्रकाश अर्ध्यापेक्षाही कमी. चार सेलांवर दरी तीन व्होल्टची असते, तेवढेच सेल उतरले तरी ती दोनच्या आसपास राहते आणि डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही. रेझिस्टर त्या दरीतली वीज उष्णतेत घालवतो हे खरं, पण दहा दिवस एकसारखा उजेड त्यानेच मिळतो. घरात चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल असतील तर तेही याच डब्यात चालतात. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून उजेड जरा कमी, पण शेवटपर्यंत जवळपास तसाच.

रेझिस्टरचा हिशेब मुलाकडून करून घ्या. बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे, आणि जे उरलं त्याला हव्या त्या अँपिअरने भागायचं. पांढऱ्यासाठी ६ वजा २.९, म्हणजे ३.१. ५ मिलीअँपिअर म्हणजे ०.००५ अँपिअर, त्याने भागलं की ६२० ओहम. दुकानात सहज मिळणाऱ्या आकड्यांमध्ये जवळचे ५६० आणि ६८०. मी ५६० घेईन, वीज साडेपाच मिलीअँपिअर होईल. लालसाठी ६ वजा १.९, म्हणजे ४.१. भागून ८२० ओहम, आणि हा आकडा तर थेट मिळतोच. पाव वॉटचे रेझिस्टर पुरे. इथे खर्च होणारी शक्ती पाव वॉटच्या दहाव्या हिस्स्यापेक्षाही कमी आहे, हात लावला तरी गरम लागणार नाहीत.

महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाल तेव्हा कागदावर एवढंच लिहून न्या: पाचशे साठ ओहम पाव वॉट पंधरा, आठशे वीस ओहम पाव वॉट सहा, एक-दोन जास्तीचे एलईडी, चार पेन्सिल सेलांचा डबा स्विचसकट, बारीक लाल-काळी वायर आणि वायरवर चढवायची, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी. घरी आल्यावर रंग तपासा. ५६० वर हिरवा, निळा, तपकिरी असे पट्टे येतात आणि ८२० वर करडा, लाल, तपकिरी, शेवटी सोनेरी. निळ्या अंगाचे पाच पट्ट्यांचे रेझिस्टर मिळाले तर रंग वाचत बसू नका, मल्टिमीटरवर सरळ मोजा. करडा आणि जांभळा पिवळ्या दिव्याखाली भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. आणि पांढरे एलईडी घेताना ‘वॉर्म व्हाइट’ मागा. साधा पांढरा एलईडी निळसर असतो, राजवाड्याच्या खिडकीत तो दवाखान्यासारखा दिसतो. उबदार पांढऱ्यात समईची झाक असते.

आता प्रत्यक्ष काम. एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण. पाय कापल्यावर ही खूण जाते, तेव्हा कडेला बोट फिरवा, ऋण बाजूला कडा थोडी चपटी केलेली असते. रेझिस्टर कुठल्याही पायाला लावला तरी वीज तेवढीच जाते, पण मी तो कायम लांब पायालाच लावतो. म्हणजे नंतर राजवाड्याच्या अंधाऱ्या पोटात हात घातला तरी, ज्या बाजूला रेझिस्टर ती धन बाजू, हे बोटाला कळतं.

आधी टेबलावर एक पांढरा आणि एक लाल, आपापल्या रेझिस्टरसह, ब्रेडबोर्डवर (भोकांत पाय नुसते खोचून सर्किट जोडायची पाटी) लावून बघा. ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात, नवीन माणूस तिथे फसतो. दोन्ही पेटले की मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या दोन सुया रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. पांढऱ्याच्या ५६० वर ३.१ च्या आसपास आकडा दिसेल. त्याला ५६० ने भागा, वीज कळली. सर्किट कुठेही न तोडता वीज मोजायची ही सगळ्यात सोपी रीत, आणि हिच्यात मीटरचा फ्यूज उडत नाही. व्होल्टला ओहमने भागलं की वीज, हा ओहमचा नियम इथे मुलाच्या डोळ्यासमोर खरा होतो. ही दहा मिनिटं घाईत उरकू नका.

मग सोल्डरिंग, म्हणजे सोल्डर नावाचा मऊ धातू वितळवून सांधे पक्के करणं. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. आयर्न तुम्ही धरा, तार मुलाला धरू द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि काम झाल्यावर दोघांनी साबणाने हात धुवा, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. एलईडीचा लांब पाय सेंटीमीटरभर ठेवून कापा. रेझिस्टरच्या तारेला पक्कडीने छोटा आकडा करा, एलईडीच्या पायाला तसाच दुसरा, दोन्ही एकमेकांत अडकवून हलकेच दाबा. म्हणजे सांधा सोल्डरआधीच स्वतःच्या बळावर टिकतो आणि हात थरथरला तरी सुटत नाही. आता आयर्नचं टोक सांध्याला खालून टेकवा, मनात दोन मोजा, आणि सोल्डरची तार वरून सांध्याला लावा, आयर्नला नव्हे. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरून दोन्ही तारांना कवेत घेतं आणि थंड झाल्यावर चकाकतं. ते गोळी होऊन वर बसलं, मळकट दिसलं, तर सांधा थंड राहिला. असा सांधा आज पेटतो आणि चौथ्या दिवशी आरतीच्या वेळी विझतो. पुन्हा तापवा. तीन-चार सेकंदांत झालं नाही तर थांबा, एलईडीला गार होऊ द्या, मग परत करा. एलईडी आणि सांधा यांच्यामधला पाय चिमट्याने धरला तर उष्णता चिमट्यात जाते. आणि नळीचा तुकडा सोल्डर करण्याआधी तारेवर सरकवून ठेवा. तो नंतर घालायला जागाच उरत नाही.

अशा चौदा जोड्या तयार झाल्या की राजवाड्याच्या मागच्या भिंतीवर आतून दोन उभ्या वायर चिकटवा, लाल एका कडेला, काळी दुसऱ्या कडेला, तळापासून सातव्या मजल्यापर्यंत. या झाल्या तुमच्या मुख्य वाहिन्या. प्रत्येक मजल्यावर त्यांचं कव्हर अर्धा सेंटीमीटर सोला. रेझिस्टरचं टोक लाल वाहिनीला, एलईडीचा आखूड पाय काळ्या वाहिनीला. शिडीच्या पायऱ्यांसारखं दिसेल. दोन वाहिन्यांत निदान बोटभर अंतर ठेवा म्हणजे सोललेले भाग एकमेकांना टेकणार नाहीत. प्रत्येक मजला जोडून झाला की सेल लावून बघा आणि सेल काढूनच पुढच्या मजल्याला हात लावा. सगळं जोडून मग शेवटी बटण दाबण्यापेक्षा हे बरं, कारण चूक झाली तर ती कुठल्या मजल्यावर आहे ते तिथल्या तिथे समजतं. एखादा उलटा लागला तर घाबरू नका. रेझिस्टर आहे, व्होल्ट सहाच आहेत, तो सहसा मरत नाही, फक्त पेटत नाही. पाय बदला.

हे सगळे दिवे एका माळेत, एकापुढे एक, का जोडू नयेत, असंही तुम्ही विचारलंय. वडील मिलमध्ये वायरमन होते, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांची, रोषणाई करताना मी लहानपणी त्यांच्यामागे पिशवी घेऊन फिरायचो. तेव्हाच्या बारीक बल्बांच्या माळा एकापुढे एक जोडलेल्या असायच्या, आणि एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. मिरवणुकीच्या आदल्या रात्री मेलेला बल्ब शोधत ते एकेक बल्ब काढून, हातातल्या चांगल्या बल्बाशी बदलून बघत पहाट करायचे. तुमच्या कामात दुसरी अडचण आहे. एकापुढे एक जोडले की प्रत्येकाचा उंबरठा बेरजेत येतो. दोन पांढरे म्हणजे ५.८ व्होल्ट, सहात रेझिस्टरला काही उरतच नाही. दोन लाल मात्र चालतात. त्यांचे ३.८ होतात, २.२ उरतात, ४७० ओहम लावले की झालं. कमानीवरचे चार लाल असे दोन-दोनच्या जोडीत घेतले तर त्यांच्यापुरती वीज निम्मी वाचेल. पहिल्याच खेपेला एवढं करायची गरज नाही, सगळं सुरळीत झाल्यावर मुलाला करून बघू दे.

उजेडाबद्दल एक सांगतो, कारण वायरिंग बिनचूक होऊनही इथे बऱ्याच जणांची निराशा होते. पारदर्शक डोक्याचा एलईडी टॉर्चसारखा अरुंद झोत टाकतो. खिडकीमागे तो सरळ लावला तर खिडकीत एक बोचरा ठिपका दिसतो, खोलीत दिवा लागल्यासारखं वाटत नाही. एलईडीचं डोकं बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवून घासा, ते दुधी झालं की प्रकाश चहूकडे पसरतो. घासताना पाय ओढू नका. किंवा एलईडीचं तोंड खिडकीकडे न करता मागच्या भिंतीकडे करा आणि ती भिंत आतून पांढरी रंगवा. खिडकीला मागून बटर पेपर चिकटवला की मग तर संध्याकाळी राजवाड्यात कुणी राहतंय असंच वाटेल. मजल्यांमध्ये पुठ्ठ्याचे आडवे पडदे घाला, नाहीतर वरच्या मजल्याचा उजेड खालच्या काड्यांच्या फटींतून झिरपतो. थर्मोकोल वापरत असाल तर एलईडीचा त्याला काही धोका नाही, ५ मिलीअँपिअरवर ते कोमटही होत नाहीत. पण सोल्डरिंग आयर्न आणि ग्लू गन दोन्हीपासून थर्मोकोल दूर ठेवा, आणि आधी कोपऱ्यात थेंबभर गोंद लावून बघा, काही गोंदांनी थर्मोकोल विरघळतो.

डबा राजवाड्याच्या मागे असा ठेवा की स्विचला हात पोचेल पण भाचीचा पोचणार नाही. काही चार सेलांच्या डब्यांना वरती ९ व्होल्टच्या बॅटरीसारखीच दोन बटणं असतात, आणि त्यांच्या क्लिपमध्ये चुकून चौकोनी बॅटरी बसते. तुमच्या सर्किटमध्ये तसं झालं तरी प्रत्येकी नऊ ते अकरा मिलीअँपिअरच जातील, काही जळणार नाही, आता प्रत्येकाला रेझिस्टर आहे. मात्र ती चौकोनी बॅटरी ड्रॉवरमध्ये सुटी टाकू नका. तिची दोन्ही टोकं जवळजवळ असतात, किल्ली किंवा नाणं आडवं पडलं की ती तापते. टोकांवर टेप लावून ठेवा.

इंटरनेटवर बटणासारख्या चपट्या सेलवर एलईडी नुसता चिमटीत धरून पेटवलेला दिसतो, रेझिस्टरशिवाय. तो पेटतो, कारण त्या ३ व्होल्टच्या सेलचा स्वतःचा आतला विरोधच इतका असतो की जास्त वीज देण्याची त्याची ताकद नसते. ते बघून दोन पेन्सिल सेलांवर किंवा मोबाइलच्या बॅटरीवर तसं करू नका. आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे असा सेल उघडा राहूच देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून जखम करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखान्यात जायचं, वाट बघायची नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेलही या कामात नकोत. शॉर्ट झाले तर ते इतकी वीज सोडतात की वायर लाल होते, आणि मखराशेजारी तो धोका पत्करण्यासारखं तुमच्या राजवाड्यात काहीच नाही.

अनंत चतुर्दशीला मूर्ती उठली की त्याच दिवशी डब्यातून चारही सेल काढा. पुठ्ठ्याचा राजवाडा माळ्यावर ठेवणार असाल तर सेल आत विसरू नका, ते वर्षभरात गळतात आणि त्यांच्या खाऱ्या थराने डब्याच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. एखाद्या वर्षी सगळं नीट असून दिवे लागले नाहीत तर पहिला संशय याच स्प्रिंगांवर घ्या, पॉलिश पेपरने घासल्या की बहुधा काम होतं. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीवर घातक कचऱ्याचा वेगळा डबा असतो, त्यात द्या. गेलेले दोन लाल एलईडी मात्र फेकू नका. मुलाला सांगा, भिंगाखाली धरून आत बघ, कपासारखा एक भाग आणि त्याच्या शेजारी सुईसारखा दुसरा दिसेल. दोघांना जोडणारी केसाहून बारीक तार चांगल्या एलईडीत ओळखू येते, जळलेल्यात ती कधी तुटलेली सापडते.